वाऱ्याचा डोळा

"पाव्हणं कुठलं म्हणायचं?"

मुजावर सरांनी फळ्यावर एक इंग्रजी शब्द लिहिला, खडू टेबलावर ठेवला आणि त्या शब्दाकडेच बोट करून विचारलं. आम्ही अकराजण माना खाली घालून बसलो होतो. अकराच्या अकरा नापास. मार्चच्या दहावीत बाकीचे विषय सुटले होते, इंग्रजी तेवढं राहिलं होतं. ऑक्टोबरच्या परीक्षेला बसणाऱ्या आम्हा मंडळींना गावच्या हायस्कुलातले मुजावर सर रोज सकाळी दीड तास शिकवायचे. त्या दिवशी फळ्यावर शब्द होता विंडो.

"खिडकी," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"खिडकी हा अर्थ झाला. अर्थ डिक्शनरीत असतो. मी ह्याचं गाव विचारतोय. मालन, तुझ्या सासरी पाव्हणा आला तर तू त्याला काय विचारतेस?"

मी पदर सावरत उठले. वर्गात लग्न झालेली मी एकटीच, म्हणून सर हटकून मलाच उठवायचे. "कुठनं आला म्हणून विचारते, सर."

"मग शब्दाला का नाही विचारत? गाव नाही, घराणं नाही, नुसतं पाठ करायचं. बिनओळखीच्या माणसाला घरात कोण घेतं सांग. म्हणून तर हे शब्द तुमच्या दारातनं परत जातात."

मग त्यांनी विंडोचं गाव सांगितलं. हजार-अकराशे वर्षांपूर्वी उत्तरेकडचे दर्यावर्दी होड्या घेऊन इंग्लंडच्या किनाऱ्याला लागले. काही लुटून गेले, काही तिथंच राहिले, शेती करायला लागले, तिथल्याच लेकीबाळींशी लग्नं केली. त्यांच्या बोलीतले शब्द इंग्रजीत आले ते असे सोयरिकीतून. त्यांच्या घरांच्या खिडक्यांना काच नसायची. भिंतीला नाहीतर छपराला एक भोक, धूर बाहेर जायला आणि वारा आत यायला. त्या भोकाला ते म्हणायचे वाऱ्याचा डोळा. विंड म्हणजे वारा आणि पुढचा तुकडा त्यांच्या बोलीतल्या डोळ्याचा.

"आणि आपल्याकडं?" सरांनी विचारलं. मग तेच म्हणाले, "गवाक्ष. गो म्हणजे गाय, अक्ष म्हणजे डोळा. त्यांना वाऱ्याचा दिसला, आपल्याला गाईचा. पण भिंतीला भोक पाडल्यावर डोळा सगळ्यांनाच आठवला बघा."

आज मी साठी ओलांडली आहे. त्या वर्षी शिकलेले किती शब्द डोक्यात राहिले कुणास ठाऊक, पण हा एक राहिला. त्याला कारण माझे सासरे.

माझे सासरे म्हणजे तातूमिस्त्री सुतार. सांगलीहून इस्लामपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. तिथल्या निम्म्या घरांची दारं-खिडक्या मामांच्या हातच्या. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्याबाई. मे महिन्यात लग्न ठरलं तेव्हा माझ्या वडिलांनी एकच गोष्ट मागितली होती. पोरीला नर्स व्हायचंय, दहावी पास झाली तर मिरजेला ट्रेनिंगला पाठवा. मामा म्हणाले होते, "पाठवतो." मामा तसे मोजकंच बोलायचे. माझे यजमान पुण्याला कारखान्यात होते, महिन्यातून एकदा यायचे, आणि त्यांचं म्हणणं एवढंच असायचं की आईला विचार.

आत्याबाई वाईट नव्हत्या हो. त्यांनी मला कधी उपाशी ठेवलं नाही की हात उगारला नाही. पण त्यांनी पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं, "हे बघ बाई, ऑक्टोबरला पास झालीस तर जा बापडी मिरजेला. मी आडवी येणार न्हाई. पण न्हाई झालीस तर ही पुस्तकं माळ्यावर. मग पुन्हा नाव काढायचं न्हाई." मला ते कबूल करावं लागलं. दुसरं करणार काय?

अभ्यास करायचा कुठे, हा खरा घोर होता. पुढच्या सोप्यात, म्हणजे दारालगतच्या ओसरीत, मामांचं काम चालायचं. रंधा, करवत, भुसा, गिऱ्हाइकांची ये-जा. नव्या सुनेनं तिथं पुस्तक घेऊन बसणं आत्याबाईंना रुचायचं नाही. मागं चूल आणि धूर. राहिली मधली खोली. तिला तीन बाजूंनी भिंत, चौथ्या बाजूला दार, आणि खिडकी एकही नाही. एक बल्ब होता, पण दिवसा लाईट कधी असायची, कधी नसायची, आणि आभाळ भरून आलं की हमखास जायची. मी उंबऱ्याशी पुस्तक तिरकं धरून बसायची. अक्षरं मुंग्यांसारखी हलायची. डोळे चुरचुरायचे. कधीकधी सगळंच असह्य व्हायचं, तेव्हा त्या खोलीच्या कोपऱ्यात जाऊन तोंडात पदर कोंबून रडून घ्यायची. कुणाला कळू नये एवढीच इच्छा.

त्या दिवशी दुपारी मामांना जेवायला वाढलं. जेवताना ते रोज विचारायचे, "आज काय शिकीवलं मास्तरनं?" मीही रोज सांगायची. वाऱ्याच्या डोळ्याची गोष्ट सांगितली तसा त्यांचा घास हातातच राहिला.

"पुन्यांदा सांग."

मी पुन्हा सांगितलं.

"म्हंजे चाळीस वर्सं मी लोकांच्या भिंतीला वाऱ्याचं डोळं बसवत आलो म्हण की." ते खूश होऊन हसले. मग हसता हसता थांबले. हात धुतला, आणि जेवण अर्धं टाकून मधल्या खोलीत गेले. बराच वेळ बाहेर येईनात.

"अवो, काय शोधताय आत?" आत्याबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"काय न्हाई. अंधार बघतोय."

दुसऱ्या दिवशी मी वर्गातून आले तर सोप्यात सागवानाच्या पट्ट्या रंधायचं काम चाललं होतं. छोटी चौकट होती, माझ्या छातीएवढी उंच. दोन झडपा, मध्ये चार गज. मामा एकेक सांधा बसवायचे, गुण्या लावून काटकोन बघायचे, पुन्हा काढायचे. एवढ्या निगुतीनं कुणाची चौकट करतायत म्हणून आत्याबाईंनी विचारलं, "गिऱ्हाईक कोण?"

"हाय एक. दहावी नापास."

आत्याबाईंच्या हातातलं सूप तसंच राहिलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग मधल्या खोलीकडे, मग मामांकडे. "त्या भितीला? डोस्कं फिरलंय का तुमचं? थोरल्या भावजींना विचारलंय?"

आता ही भिंत काय होती ते सांगते. मधल्या खोलीच्या एका बाजूच्या भिंतीपलीकडे बापूमिस्त्रींचं अंगण होतं. बापूमिस्त्री म्हणजे मामांचे थोरले भाऊ, माझे थोरले मामा. चौदा वर्षांपूर्वी दोघांची वाटणी झाली, मधोमध भिंत उभी राहिली, आणि पाच पंचांसमोर ठरलं की ह्या भिंतीला दार नाही, खिडकी नाही, आरपार कोनाडासुद्धा नाही. त्या दिवसापासून दोघे भाऊ एकमेकांशी बोलले नव्हते. भांडण कशावरून झालं म्हणाल, तर आत्याबाई म्हणायच्या हद्दीवरून आणि मामा म्हणायचे जिभेवरून. दोघे एकाच गल्लीत राहायचे, एकाच धंद्यात होते, समोरासमोर आले की एकजण पायांकडे बघायचा आणि दुसरा आभाळाकडे. थोरल्या सासूबाई वारून सहा वर्षं झाली होती, मुलगी लांब सासरी. थोरले मामा एकटेच असायचे. माझा त्यांच्याशी अबोला नव्हता, कारण मी मुळात नंतर आलेली. वाटेत दिसले की मी वाकून नमस्कार करायची आणि ते म्हणायचे, "बरी हायस न्हवं?" बस्स, तेवढंच.

"चौदा वर्सं बोललो न्हाई, आता खिडकीसाठी तोंड उघडू?" मामा म्हणाले.

"पंचांम्होरं शबूद दिलाय तुम्ही."

"दिलाय. म्हणून तर इचारत न्हाई. इचारलं तर न्हाई म्हणंल, आणि न्हाई म्हणल्यावर मग मोडता येत न्हाई."

आता ह्याला काय म्हणायचं? पण मामा तसेच होते. त्यांचा बेतही ठरलेला होता. बाजाराच्या दिवशी बापूमिस्त्री अकराला पिशवी घेऊन निघतो आणि चारला येतो. तेवढ्या वेळात भिंत फोडायची, चौकट बसवायची, गिलावा करायचा. मग काय बोंबलायचं ते बोंबलू दे.

मी घाबरून गेले. "मामा, नको. माझ्यापायी भांडण नको. मी उंबऱ्यात बसून करते अभ्यास."

"पेपर कधी हाय?"

"पाच आठवडे राहिलेत."

"मग गप बस. डोळ्याची गोष्ट तूच आणलीस घरात."

बाजाराचा दिवस उजाडला. आभाळ गच्च भरलेलं. अकराच्या सुमाराला थोरले मामा पिशवी आणि छत्री घेऊन आमच्या दारावरून गेले. मामा सोप्यात पाठ करून बसले होते, पण कान तिकडेच. पावलं कोपऱ्यावर वळली तसे ते उठले आणि छिन्नी-हातोडा घेऊन मधल्या खोलीत शिरले. मी कंदील धरला. आत्याबाई दारात उभ्या राहून देवाचं नाव घेत होत्या, मध्येच म्हणायच्या, "हळू, अवो हळू, गल्लीत ऐकू जातंय."

मातीत रचलेल्या विटा, एकेरी भिंत. फार दम लागला नाही. मामांनी कोळशानं चौकोन आखला, बरोबर मधली वीट हलवली, हातोडीनं एक ठोसा दिला. वीट पलीकडे धप्पकन पडली.

आणि उजेड आला. एवढासा, विटेच्या मापाचा. पण त्या खोलीत चौदा वर्षांत दिवस शिरला नव्हता. मला माझे पाय दिसले, कोपऱ्यातला पिठाचा डबा दिसला, मामांच्या मिशीवरची माती दिसली. मी हरखून काहीतरी बोलणार, तेवढ्यात तो उजेड गेला. भोक कुणीतरी पलीकडून झाकलं होतं. कंदील वर धरला तर त्या भोकात एक डोळा होता. म्हातारा, पांढऱ्या भुवईखालचा, उघडा, आमच्याकडे टक लावून बघणारा.

मामा दोन पावलं मागं सरकले. हातोडा खाली पडला. डोळा तसाच बघत राहिला, मग बाजूला झाला. पलीकडच्या अंगणात वहाणांचा आवाज झाला. आवाज अंगणातून गल्लीत आला, गल्लीतून आमच्या दाराकडे.

"आले! थोरले भावजी आले!" आत्याबाईंनी पदर कपाळापर्यंत ओढला आणि स्वयंपाकघरात पळाल्या. मामा सोप्यात येऊन कामाच्या ओंडक्यावर बसले, हातात उगाच एक पट्टी घेतली. मी मधोमध उभी, हातात पेटता कंदील, भर दिवसा. आता शिव्या, मग आरडाओरडा, मग पंच, आणि सगळ्याचं खापर माझ्या पुस्तकांवर. मला पुस्तकं माळ्यावर गेलेली दिसायला लागली होती.

थोरले मामा उंबऱ्यापाशी थांबले. चौदा वर्षांत पहिल्यांदा. हातात रिकामी पिशवी तशीच. म्हणजे ते बाजाराला गेलेच नव्हते, कोपऱ्यावरून मागच्या वाटेनं परत फिरले होते.

"मालन."

"जी, थोरले मामा."

"तुझ्या सासऱ्याला सांग, रंध्याच्या आवाजावरनं मला कळतं चौकट दाराची हाय का खिडकीची. दोन दिस ऐकतोय मी."

मामा माझ्यापासून तीन हातांवर बसलेले. थोरले मामा माझ्यापासून तीन हातांवर उभे. तरी मी वळून म्हणाले, "मामा, थोरले मामा म्हणतायत की रंध्याच्या आवाजावरनं..."

"ऐकलं मी," मामा पट्टीकडे बघत म्हणाले. "त्याला म्हणावं, कान चांगलं हायेत अजून."

"थोरले मामा, मामा म्हणतायत..."

"कळलं. त्याला इचार, पंचांम्होरं काय ठरलं हुतं?"

"मामा, ते विचारतायत..."

"दार न्हाई, खिडकी न्हाई. ठरलं हुतं. इसरलो न्हाई म्हण."

"मग भीत का फोडली म्हणावं?"

मामांनी पट्टी खाली ठेवली. "सांग, सून शिकतीया. आत अंधार हाय. पोरीच्या परीक्षेला पाच आठवडं राहिल्यात. पंच बोलवायचं तर बोलाव म्हण, परीक्षा झाल्यावर मी माझ्या हातानं बुजवून देतो."

मी हे सांगायला वळले तर थोरल्या मामांनी हात वर केला. त्यांचा चेहरा लाल झाला होता. आता स्फोट होतो असं मला वाटलं, आणि मी डोळे मिटून घेतले.

"त्याला सांग," ते म्हणाले, "त्याला सांग, ती भीत एका इटंची हाय. मी पल्याड अंगणात बसलेला असतो. दोन महिनं झालं, पोरगी भितीपल्याड रडतीया. तोंड दाबून रडतीया, पण ऐकू येतं. रडती, मग नाक पुसती, मग पुन्यांदा शब्द पाठ करती. खिडकी काढायला एवढा उशीर का लावला म्हणावं त्याला."

मी मामांकडे वळले. "मामा, थोरले मामा म्हणतायत..." आणि पुढं मला बोलताच येईना.

मामा उठले. कंदील माझ्या हातातून काढून घेतला, फुंकर मारून विझवला. "तू रडतीस?" त्यांनी मला विचारलं. "रोज जेवताना इचारतो तुला, काय शिकीवलं, काय शिकीवलं. एवढं न्हवतं सांगायचं व्हय?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"अगं येडे," ते म्हणाले, आणि डोक्यावर हात ठेवला. त्यांच्या हाताला भुशाचा वास होता. स्वयंपाकघरात आत्याबाई मोठ्यानं नाक ओढत होत्या, आणि बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून भांडी आपटत होत्या.

थोरले मामा उंबरा ओलांडून आत आले. सरळ चौकटीपाशी गेले, खाली बसले, झडप उघडून पाहिली, मिटून पाहिली. आणि एकदम ओरडले.

"मालन! हे काय हाय? बिजागऱ्या आतनं? झडप आत उघडणार? चाळीस वर्सं धंदा करून ह्यानं झडप आत घेतली? पाऊस आला की पाणी पोरीच्या पुस्तकावर. वारा आला की झडप पोरीच्या टाळक्यात. कुणी शिकीवलं ह्याला?"

"तुम्हीच," असं मामांच्या तोंडून निघता निघता राहिलं, मी पाहिलं. त्यांनी ते गिळलं आणि मला म्हणाले, "त्याला सांग, मला बी कळतं. पण झडप बाहीर घेतली तर त्याच्या हद्दीत उघडती. भीत माझी हाय, पल्याडची बोटभर जागा बी माझी न्हाई. म्हणून आत घेतली."

थोरले मामा त्या झडपेकडे बघत राहिले. तिच्या कडेवरून त्यांनी अंगठा फिरवला. एवढ्या सुबक कामाला अशा उलट्या बिजागऱ्या, आणि त्या का, ते आता कळलेलं. त्यांच्यासारख्या कारागिराला ते बघवत नसावं.

"हवेला हद्द असती व्हय?" ते हळू आवाजात म्हणाले. "इचार त्याला. हवा काय आमच्या बापानं वाटून दिलीया?"

मामा अंगावरची माती झाडायला लागले. मला वाटलं आपण काहीतरी बोललं पाहिजे, म्हणून मी म्हणाले, "थोरले मामा, इंग्रजीत खिडकीला..."

"वाऱ्याचा डोळा. ठाऊक हाय. परवा जेवताना सांगत हुतीस, दोनदा सांगितलंस." ते उठून उभे राहिले. "म्हणून तर म्हणतो. डोळा बाहीर बघायला असतो. आत बघणारा डोळा कुठं बघितलास का? सांग त्याला. आणि पटाशी दे म्हणावं."

पटाशी, म्हणजे लाकडाची छिन्नी, मागायला मी वळले, तर मामांनी ती आधीच पुढं केली होती.

मग दोघांनी मिळून बिजागऱ्या बाहेरून घेतल्या आणि पुढचं काम केलं. एकमेकांशी एक शब्द न बोलता. पण मी कुणाला काही सांगायचीही गरज पडली नाही. एकानं चौकट धरली की दुसरा पाचर ठोकायचा. एकानं हात पसरला की दुसरा त्यात हातोडा ठेवायचा. मध्येच थोरले मामा बाहेरून अंगणात गेले, तिकडून विटा काढायला लागले, इकडून मामा काढत होते, आणि भोक मोठं होत गेलं तसे ते दोघं एकमेकांना कंबरेपर्यंत दिसायला लागले. दोघांच्याही मिशांवर माती. आत्याबाईंनी चहा केला. एक कप मामांपाशी ठेवला आणि दुसरा माझ्या हातात देत म्हणाल्या, "खिडकीतनं दे." खिडकी अजून झालीही नव्हती, पण त्यांनी खिडकी म्हटलं.

दोन-अडीचला खिडकी उभी राहिली. झडपा ढकलल्या तशा त्या थोरल्या मामांच्या अंगणात उघडल्या. समोर पेरूचं झाड, धुण्याचा दगड, दोरीवर वाळत घातलेलं एकच धोतर. सटकन वारा आला आणि कोपऱ्यातल्या पुस्तकाची पानं फडफडली. मी तिथंच जमिनीवर बसले आणि एक धडा वाचून काढला. डोळ्यांत पाणी होतं, पण अक्षरं दिसत होती.

पुढचे पाच आठवडे मी त्या खिडकीत बसून अभ्यास केला. थोरले मामा करवतीला धार लावायला मुद्दाम खिडकीखाली बसायचे. मी वर्गातून आले की विचारायचे, "आज पाव्हणं कुठलं?" मग मी सांगायची. ब्रेकफास्ट म्हणजे रात्रभराचा उपास मोडणं. डेझी नावाचं फूल म्हणजे दिवसाचा डोळा, कारण ते सकाळी उघडतं आणि संध्याकाळी मिटतं. हा डोळा ऐकून त्यांनी करवत खाली ठेवली आणि म्हणाले, "ह्या इंग्रजांना डोळ्याशिवाय काय सुचतच न्हाई गं." मामा सोप्यातून सगळं ऐकत असायचे. भावांचा अबोला मात्र होता तसाच होता. फक्त आता तो माझ्यामार्फत चालायचा. "मालन, त्याला सांग, कानशीनं घासून घासून करवतीचं दात संपवलं त्यानं." "मालन, त्याला सांग, स्वतःच्या करवतीचं बघ म्हणावं." मी पाठांतर थांबवून इकडचं तिकडे, तिकडचं इकडे करायची. एकदा वैतागून म्हणाले, "तुम्ही दोघं सरळ बोला ना, माझी क्रियापदं राहिलीत." दोघेही असे काही गप्प झाले की मलाच वाईट वाटलं. त्यानंतर मी कधी कुरकुर केली नाही.

पेपर झाला. कसा गेला म्हणून सगळ्यांनी विचारलं, मी म्हणाले, बरा. मला काहीच सांगता येत नव्हतं.

निकाल डिसेंबरात लागला. त्या दिवशी सकाळी माझ्या अंगात कणकण होती, का भीतीच होती, कुणास ठाऊक. मी हायस्कुलात जायला उठलेच नाही. मधल्या खोलीत भिंतीला टेकून बसून राहिले. मामा पायात वहाणा घालून तीनदा दारापर्यंत गेले आणि तीनदा परत आले. शेवटी ओंडक्यावर बसून कोरी पट्टी रंधायला लागले. रंधून रंधून ती पट्टी कागदासारखी झाली, तरी थांबेनात. आत्याबाईंनी देवापुढे निरांजन लावलं होतं आणि माझ्याकडे बघायचं टाळत होत्या. त्यांना कदाचित माळा आठवत असावा. मला तर तो डोळ्यांसमोरच दिसत होता.

आणि पलीकडच्या अंगणात फाटक वाजलं. थोरले मामा. ते सकाळी आठ वाजताच हायस्कुलात जाऊन बसले होते, कुणालाही न सांगता. त्यांना वाचता यायचं नाही, म्हणून मुजावर सरांच्या टेबलापाशीच ठाण मांडलं होतं. आता ते धापा टाकत खिडकीशी आले, दोन्ही हातांनी गज धरले. मी उठून उभी राहिले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या डोक्यावरून पार सोप्याकडे बघत ते ओरडले, "तातू! ए तातू! पोरगी पास झाली रं!"

सोप्यातला रंधा थांबला. मग मामा धावत मधल्या खोलीत आले, मला बाजूला सारून खिडकीशी गेले आणि त्यांनीही गज धरले.

"किती पडलं, बापू?"

"बेचाळीस. मास्तर म्हणला, पस्तीस लागत हुतं, हिनं बेचाळीस घेतलं."

"बेचाळीस," मामा म्हणाले.

"बेचाळीस," थोरले मामा म्हणाले.

दोघेही रडत होते, गजाच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक, आणि मी सवयीनं शेजारीच तोंड उघडून उभी होते. पण मला कुणी काही सांगायलाच सांगितलं नव्हतं.